फिरकी घेणाऱ्याचा चेहरा

प्रश्न असा आहे: “डॅक्स शेपर्ड २००३ मध्ये एमटीव्हीच्या ‘पंक्ड’मध्ये नामवंतांच्या फिरक्या घेत होता आणि पुढच्याच वर्षी सिनेमात मुख्य भूमिकेत दिसला. हे नशीब म्हणायचं, की फिरक्या घेता घेता खरंच अभिनय शिकता येतो? मी स्वतः फिरकीचे व्हिडिओ करतो. या वाटेने मला सिनेमात जाता येईल का?”

मी बरीच वर्षं छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमांत काम केलं आहे. आधी समोर उभं राहून फिरक्या घेतल्या, नंतर आतल्या खोलीत मॉनिटरसमोर बसून दिग्दर्शन केलं. आता विनोदी अभिनय शिकवतो, आणि शिकायला येणाऱ्यांत तुमच्यासारखे व्हिडिओ करणारे बरेच असतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

फिरकीत अभिनयाचा एक मोठा भाग खरोखर शिकता येतो, आणि तो वर्गात बसून सहजी हाती लागत नाही. मात्र सिनेमाला जो चेहरा हवा असतो, नेमका तोच फिरकी घेणाऱ्याला झाकून ठेवावा लागतो. शेपर्डला तो उघडायला साधारण सात वर्षं लागली, आणि ती सातही वर्षं आपल्याला पडद्यावर पाहता येतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना त्याचीच कामं पाहायला सांगतो.

सुरुवात त्या पहिल्या फिरकीपासून करू. ‘पंक्ड’ १७ मार्च २००३ रोजी सुरू झालं. नट ॲश्टन कुचर आणि निर्माता जेसन गोल्डबर्ग यांची ती कल्पना. पहिल्याच भागात गायक जस्टिन टिंबरलेक घरी परततो, तर दारात सरकारी माणसं उभी. सुमारे नऊ लाख डॉलरचा कर थकला आहे, घर आणि सामान जप्त होणार. करखात्याचा तो अधिकारी म्हणजे शेपर्ड. ही फिरकी एकदा टिंबरलेककडे न पाहता पाहा. नजर फक्त शेपर्डवर ठेवा. तिथे विनोदी असं काहीच सापडणार नाही. एक सरकारी काम आहे, यादी आहे, ती पुरी करायची आहे. समोरचा माणूस रडकुंडीला आला आहे, पण कागद बदलत नाही. हा रुक्षपणा म्हणजेच अभिनय.

नवखा नट अधिकारी साकारायला गेला की अधिकार गाजवायला लागतो: छाती पुढे, आवाज खाली, भुवया वर. खऱ्या अधिकाऱ्याला हे काही करावं लागत नाही, कारण कायदा त्याच्या पाठीशी आहे. नाटकाच्या प्रेक्षकाने तिकीट काढतानाच विश्वास ठेवायचं कबूल केलेलं असतं, म्हणून तो पुठ्ठ्याच्या भिंतीलाही भिंत मानतो. फिरकीतल्या बकऱ्याने असं काहीच कबूल केलेलं नसतं. त्याला जराशी जरी शंका आली तरी खेळ तिथेच संपतो आणि चित्रीकरणाचा सगळा दिवस वाया जातो. इतका कठोर परीक्षक कुठल्याच नाट्यशाळेत भेटत नाही. एकच प्रेक्षक, तोही हातभर अंतरावर, आणि आपण प्रेक्षक आहोत हे त्याला ठाऊकच नाही.

मात्र शेपर्ड फिरक्या घेता घेता नट झाला, असं समजू नका. ‘पंक्ड’ आलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मिशिगनमधून लॉस एंजेलिसला येऊन ‘ग्राउंडलिंग्ज’मध्ये त्याने अनेक वर्षं काढली होती. गॅरी ऑस्टिन यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेली ही उत्स्फूर्त विनोदाची संस्था. लिसा कुड्रो, विल फेरेल, मेलिसा मॅकार्थी, क्रिस्टन विग अशी माणसं तिथून पुढे आली. तिथे एक पायरी पार केल्याशिवाय पुढची मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं शिकूनही बहुतेकांना मुख्य संचात जागा मिळत नाही. शेपर्ड तिथल्या ‘संडे कंपनी’पर्यंत, म्हणजे मुख्य संचाच्या आधीच्या पायरीपर्यंत पोहोचला होता. त्याच काळात त्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून मानववंशशास्त्राची पदवीही घेतली. माणसं कशी वागतात हे बारकाईने पाहायला लावणारा हा विषय नटाला वाया जाणारा नव्हे.

मग ‘पंक्ड’ला असा माणूस का लागला? कारण साधं आहे. नामवंतांची फिरकी घ्यायची तर समोरचा चेहरा त्यांच्या ओळखीचा असून चालत नाही, आणि कच्चा नट तर मुळीच चालत नाही. म्हणजे तयारी पूर्ण पण नाव शून्य, असा माणूस हवा. उत्स्फूर्त अभिनयाच्या संस्थांत अशी माणसं डझनांनी असतात. ‘ग्राउंडलिंग्ज’मध्ये शेपर्डची तयारी आधीच झालेली होती, कार्यक्रमाने ती लोकांसमोर आणली. ‘एका रात्रीत’ वगैरे म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही मधली वर्षं निसटतात.

या कामाला एक विचित्र शापही आहे: यशस्वी झालात की काम संपतं. चेहरा ओळखीचा झाला की बकरा फसत नाही. साशा बॅरन कोहेन हा ब्रिटिश विनोदी नट अली जी आणि बोराट या पात्रांच्या सोंगात लोकांच्या फिरक्या घेई; २००७ मध्ये त्याने या दोन्ही पात्रांना निरोप देत असल्याचं जाहीर केलं, ते याच कारणाने. पुढे २०२० मध्ये बोराटचा दुसरा सिनेमा केला तेव्हा खुद्द बोराटलाच वेषांतर करून हिंडावं लागलं. अनेक फिरक्यांचा भार मारिया बाकालोवा या बल्गेरियन अभिनेत्रीने उचलला, कारण अमेरिकेत तिला कोणी ओळखत नव्हतं. त्या कामासाठी तिला सहाय्यक अभिनेत्री म्हणून ऑस्करचं नामांकन मिळालं. फिरकी घेणारा नट सिनेमाकडे वळतो यामागे महत्त्वाकांक्षा असतेच, पण परतीची वाटही बंद झालेली असते.

आता फिरकी नेमकं काय शिकवते ते सांगतो.

ॲलन फंट यांनी १९४७ मध्ये रेडिओवर ‘कँडिड मायक्रोफोन’ सुरू केलं आणि १९४८ मध्ये ते टीव्हीवर आणलं. तोच पुढे छुप्या कॅमेऱ्याचा ‘कँडिड कॅमेरा’ हा कार्यक्रम झाला. त्यातली १९६२ ची लिफ्टची फिरकी मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतो. लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस उभा आहे. मग कार्यक्रमाची माणसं एकेक करून आत येतात आणि दाराकडे पाठ करून उभी राहतात. एवढंच. थोड्या वेळाने तो माणूसही हळूहळू वळायला लागतो. नटांनी काय केलं? पाठ केली आणि उभे राहिले. कोणी हसलं नाही, कोणी त्याच्याकडे चोरून पाहिलं नाही. तुमच्या व्हिडिओत तुम्ही किती वेळा हसू दाबताना दिसता, ते मोजून पाहा. ‘बघा, मी किती मजेशीर आहे’ ही इच्छा पूर्णपणे गिळता येणं हा या विद्येचा पहिला धडा.

दुसरा धडा ऐकण्याचा. फिरकीत ठरलेले संवाद नसतात. प्रसंग ठरलेला असतो, दोनचार टप्पे ठरलेले असतात, बाकी सगळं समोरच्या माणसावर. तो चिडेल, हसेल, वकिलाला फोन लावेल, पळून जाईल. कानात बसवलेल्या यंत्रातून दिग्दर्शक सूचना देत असतो आणि समोर माणूस बोलत असतो. दोन्ही ऐकायचं आणि चेहऱ्यावर एकच दिसू द्यायचं. मी आत बसायला लागलो तेव्हा माझी नजर सगळ्यात जास्त बकऱ्याच्या श्वासावर असे. माणूस रागावला की श्वास मोठा होतो, घाबरला की अडकतो. रागावलेल्या माणसासोबत अजून दोन मिनिटं पुढे जाता येतं. श्वास अडकला की तिथेच थांबवायचं, मग फिरकी कितीही रंगात आलेली असो. चांगल्या फिरकी घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो स्वतःच सूर खाली आणतो. समोरच्याच्या शरीराकडे इतकं लक्ष असणं ही नटाची फार मोठी कमाई आहे. तुमच्या व्हिडिओंत हे लक्ष नसेल, तर सिनेमाचं राहू द्या, फिरकीही घेऊ नका. समोर हाडामांसाचा माणूस असतो.

आता अडचणीकडे वळू. मी पहिल्यांदा सिनेमाच्या सेटवर गेलो तेव्हा पहिल्या टेकला सगळ्यांना आवडलो. तिसऱ्या टेकला दिग्दर्शकाने विचारलं, “मघाशी होतं ते कुठे गेलं?” ते कुठे गेलं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पुढे कळलं. फिरकीत माझा सगळा जिवंतपणा समोरच्याच्या अजाणतेपणातून येत होता. तो खरोखर चकित व्हायचा आणि मी त्यावर स्वार व्हायचो. सेटवर समोर नट होता. माझं पुढचं वाक्य त्याला पाठ होतं, त्याचं मला. आणि हेच आधी दुरून, मग त्याच्या खांद्यावरून, मग माझ्या क्लोज-अपमध्ये, प्रत्येक वेळी पेला त्याच शब्दाला उचलून करायचं होतं. फिरकी एकदाच घडते, म्हणून तिथे चारी बाजूंनी कॅमेरे लपवून ठेवतात. सिनेमात पुष्कळदा एकाच कॅमेऱ्यासमोर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवावा लागतो.

याहून खोल अडचण चेहऱ्याची. फिरकीत हशा कुणाच्या चेहऱ्यामुळे पिकतो? बकऱ्याच्या. टीव्हीवर त्या गोष्टीचा नायक टिंबरलेक आहे, शेपर्ड नाही. आपण त्याच्या डोळ्यांत पाणी तरळताना पाहतो, उलगडा झाल्यावर त्याचा सुटकेचा निःश्वास पाहतो. फिरकी घेणारा भिंतीसारखा असतो, चेंडू त्याच्यावर आपटून परत जातो. सिनेमातल्या विनोदी नटाला मात्र स्वतःच चकित व्हावं लागतं, फजित व्हावं लागतं, दुखावलं जावं लागतं, आणि ते आपल्याला दिसावं लागतं. वर्षानुवर्षं भिंत होण्याची सवय लागलेल्या माणसाला हे फार जड जातं. शेपर्डची पुढची कामं मी या एकाच नजरेने पाहतो.

‘विदाउट अ पॅडल’ २००४ मध्ये आला. सेथ ग्रीन आणि मॅथ्यू लिलार्ड यांच्यासोबत तीन मित्रांची सफर. तिथे शेपर्ड उत्साही आहे, बडबड्या आहे, पण अजून बराचसा सोंग काढणारा आहे. त्यावर जास्त बोलत नाही.

२००५ चा ‘झाथुरा’ मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. जॉन फाव्ह्रो यांचं दिग्दर्शन, आणि शेपर्ड अंतराळात अडकून पडलेला प्रवासी. दोन भावांच्या घरात तो येतो, त्यांना मदत करतो, आणि त्याला त्या मुलांबद्दल असं काही ठाऊक आहे जे त्यांना ठाऊक नाही. (सिनेमा पाहायचा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.) शेवटी कळतं की तो त्याच मोठ्या भावाचं वाढलेलं रूप आहे. रागाच्या भरात धाकट्याला नाहीसं करून बसलेला. म्हणजे भूमिकेची रचनाच फिरकीची आहे, एकाला सत्य ठाऊक आणि बाकीचे अंधारात. फरक इतकाच, की इथलं गुपित त्याचं स्वतःचं दुःख आहे. तो धाकट्या मुलाकडे पाहतो ते क्षण दुसऱ्यांदा पाहा. तो रहस्य झाकतो आहे आणि झाकताना त्याला वेदना होते आहे, हे दोन्ही दिसतं. झाकण्याचं कौशल्य ‘पंक्ड’चं, वेदना नवी. माझ्या मते नट म्हणून त्याचा खरा जन्म इथे झाला, जरी त्या वेळी त्याची फारशी चर्चा झाली नाही.

२००६ मध्ये माईक जज यांचा ‘इडिओक्रसी’ आला. भविष्यातल्या मठ्ठ समाजातला फ्रिटो हा वकील, स्वतःच्याच अशिलाविरुद्ध बोलणारा. सिनेमा मोजक्या चित्रपटगृहांतच लागला, पण पुढे घरोघरी पाहिला गेला. मूर्खाची भूमिका करताना नट सहसा प्रेक्षकाला इशारा देतो, की मी मूर्ख नाही बरं का. शेपर्ड तो इशारा देत नाही. फ्रिटोला आपण हुशार आहोत याची खात्री आहे. लिफ्टमध्ये पाठ करून उभं राहण्याचीच ही विद्या, पण आता ती पाहणाऱ्याला ठाऊक असूनही टिकते.

२०१० मध्ये त्याने ‘ब्रदर्स जस्टिस’ लिहिला आणि डेव्हिड पामर यांच्यासोबत दिग्दर्शित केला. माहितीपटाच्या थाटाचा हा सिनेमा. त्यात डॅक्स शेपर्ड नावाचाच नट विनोद सोडून मारामारीच्या सिनेमांचा नायक व्हायला निघतो आणि भेटेल त्याला ती कल्पना विकू पाहतो. प्रयोग ओबडधोबड आहे. पण इथे बकरा तो स्वतः आहे, आणि हे त्याने आपण होऊन निवडलं आहे.

त्याच वर्षी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर ‘पेरेंटहूड’ सुरू झालं. २०१५ पर्यंत सहा पर्वं चाललेल्या या मालिकेत शेपर्डने क्रॉस्बी ब्रेव्हरमन हा सगळ्यात धाकटा, बेफिकीर भाऊ केला. पहिल्याच भागात जुनी मैत्रीण त्याच्यासमोर येते आणि सांगते की तुला पाच वर्षांचा मुलगा आहे.

हा प्रसंग ‘पंक्ड’च्या पहिल्या भागाशेजारी ठेवा. रचना तीच. नेहमीसारखा दिवस चाललेला असताना कोणीतरी समोर येऊन आयुष्य उलथंपालथं करणारी बातमी सांगतं, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ती खोटी वाटत नाही. सात वर्षांपूर्वी शेपर्ड सांगणारा होता, आता ऐकणारा आहे. आणि तो कसा ऐकतो! खरा चकित झालेला माणूस आधी काहीच करत नाही. त्याला बातमी ऐकू येते, पण आत पोचत नाही. मग तो काहीतरी निरर्थक बोलतो, आणि भीती त्यानंतर येते. ही क्रमवारी पुस्तकात वाचून येत नाही. ज्याने खऱ्या माणसांना अशा अवस्थेत हातभर अंतरावरून पाहिलं आहे, त्याच्याजवळ ती साठलेली असते. बकऱ्यांच्या चेहऱ्यांतून त्याने जे गोळा केलं ते क्रॉस्बीच्या कामी आलं, असं मी मानतो. हे माझं निरीक्षण आहे, त्याने कुठे सांगितलेलं नाही.

त्यानंतरची वाट सरळ नाही. २०१२ मध्ये त्याने ‘हिट अँड रन’ लिहिला, पामर यांच्यासोबत दिग्दर्शित केला आणि अभिनेत्री क्रिस्टन बेलसोबत त्यात कामही केलं. साधारण वीस लाख डॉलरचा छोटा सिनेमा. त्यातही नायक खरी ओळख लपवून जगतो आहे आणि ती प्रेयसीसमोर उघडी पडते. २०१७ चा ‘चिप्स’ त्याने लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात मुख्य भूमिकाही केली, आणि तो चालला नाही. २०१८ पासून मोनिका पॅडमनसोबत ‘आर्मचेअर एक्स्पर्ट’ हा मुलाखतींचा पॉडकास्ट त्याने उभा केला. तिथे तर ऐकणं हेच काम.

दुसरी वाट साशा बॅरन कोहेनची, आणि ती तुम्ही जरूर अभ्यासा, कारण त्याने फिरकीच सिनेमात नेली. २००६ चा ‘बोराट’ साधारण एक कोटी ऐंशी लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभर पंचवीस कोटींच्या वर कमावून गेला. पण त्याच्या पाठीशी फिलिप गॉलिए या फ्रेंच नाट्यशिक्षकांकडचं विदूषकाचं शिक्षण आहे. गॉलिए शिकवत ते पडण्याचं. विनोद फसला की विदूषकाने त्या फसण्यात उघडं उभं राहायचं. म्हणून बोराट दुसऱ्यांना फसवत असतानाही स्वतः केविलवाणा दिसतो. हाच माणूस पुढे दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसींच्या ‘ह्यूगो’त रेल्वे स्थानकावरचा जखमी पायाचा निरीक्षक होतो, आणि ‘द ट्रायल ऑफ द शिकागो ७’मध्ये ॲबी हॉफमन हा अमेरिकी आंदोलक साकारून २०२१ मध्ये सहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचतो. जॉनी नॉक्सव्हिल वगैरे ‘जॅकअस’ या अचाट करामतींच्या कार्यक्रमातल्या मंडळींची गोष्ट वेगळी. ते मुळात स्वतःच्याच शरीराला इजा करून घेत होते, त्यामुळे हशा पहिल्यापासून त्यांच्यावरच होता.

आता तुमच्याबद्दल. तुमचे व्हिडिओ किती जणांनी पाहिले तो आकडा घेऊन निर्मात्यांकडे जाऊ नका. भूमिकांसाठी निवड करणाऱ्याला तुमच्या व्हिडिओत बकऱ्याचा चेहरा दिसतो, तुमचा नाही. आधी उत्स्फूर्त अभिनयाच्या एखाद्या गटात जा, दोन वर्षं तरी. तिथे समोरच्याला सगळं ठाऊक असतं आणि तरीही दोघांना मिळून चकित व्हावं लागतं. लिहिलेले प्रसंगही करा. वाक्य बदलायचं नाही ही शिस्त फिरकीवाल्यांना सुरुवातीला नकोशी होते, पण तिच्याशिवाय सेटवर एक दिवसही निभत नाही.

आणि हा सराव आजपासून सुरू करा. तुमची सगळ्यात चांगली जमलेली फिरकी घ्या, तिच्यातले संवाद शब्दशः उतरवून काढा. आता एका मित्राला तुमची भूमिका द्या आणि बकरा तुम्ही व्हा. तोच प्रसंग दहा वेळा करा, कॅमेरा फक्त तुमच्या चेहऱ्यावर ठेवून. पहिले दोनतीन टेक बरे जातील. चौथ्यापासून तुम्ही चकित झाल्याचं दाखवायला लागाल: डोळे मोठे, तोंड उघडं. तिथे थांबा आणि मूळ व्हिडिओतल्या त्या माणसाकडे आवाज बंद करून पाहा. त्याचे डोळे बहुधा मोठे झालेलेच नसतील. तो कुठे पाहतो, हात कधी वर येतो, किती वेळ काहीच करत नाही, हे लिहून घ्या आणि पाचवा टेक करा.